धागा : नेसरीच्या खिंडीतील सहा नावे कोणाची?

२ नोव्हेंबर २०२२ रोजी महेश मांजरेकर यांच्या ‘वेडात मराठे वीर दौडले सात’ या चित्रपटाची घोषणा झाली. २०२३ च्या दिवाळीत तो मराठी, हिंदी, तमिळ आणि तेलुगू अशा चार भाषांत प्रदर्शित व्हायचा होता. छत्रपती शिवाजी महाराजांच्या भूमिकेत अक्षय कुमार, सरनोबत प्रतापराव गुजरांच्या भूमिकेत प्रवीण तरडे. उरलेल्या सहा वीरांसाठी हार्दिक जोशी, विराट मडके, सत्या मांजरेकर, जय दुधाणे, उत्कर्ष शिंदे आणि विशाल निकम. यांतले शेवटचे तिघे ‘बिग बॉस मराठी’च्या तिसऱ्या पर्वामुळे घराघरांत पोहोचले आणि त्या पर्वाचे सूत्रसंचालन मांजरेकरांकडेच होते. यात गैर काही नाही. नट कोठून तरी यावेच लागतात.

डिसेंबरमध्ये महाराजांच्या वेशातील अक्षय कुमार यांची पहिली झलक आली. मागच्या झुंबरात विजेचे दिवे दिसले आणि समाजमाध्यमांवर एकच हशा पिकला. एडिसनचा दिवा १८७९ चा, महाराजांचे निर्वाण १६८० चे. वजाबाकी सोपी, म्हणून ती सर्वांनी केली. त्याआधीच संभाजीराजे छत्रपती यांनी मावळ्यांच्या वेशभूषेवर आक्षेप घेतला होता. तो आक्षेप रास्तच आहे. परंतु झुंबर संगणकावर पुसता येते, डोक्यावर पागोटे चढवता येते. ज्या सहा नावांनी हे सहा वीर पडद्यावर येणार आहेत, त्या नावांचे काय?

चित्रपटाच्या प्रसिद्धीत आलेली नावे अशी : दत्ताजी पागे, सूर्याजी दांडकर, मल्हारी लोखंडे, चंद्राजी कोठार, तुळजा जामकर, जिवाजी पाटील. ही वाचून अनेक इतिहासप्रेमी संतापले, कारण त्यांना पाठ असलेली यादी निराळी आहे : विसाजी बल्लाळ, दीपाजी राऊतराव, विठ्ठल पिलाजी अत्रे, कृष्णाजी भास्कर, सिद्दी हिलाल, विठोजी शिंदे. दरवर्षी २४ फेब्रुवारीला हीच यादी भगव्या पार्श्वभूमीवर, तलवारीच्या चित्रासह, हजारो मोबाइलवर फिरते. ‘खरी नावे सोडून खोटी घातली’ असा आरोप त्यातूनच आला.

आरोपाचा निम्मा भाग खरा आहे. अडचण उरलेल्या निम्म्यात आहे.

२४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीजवळ (आजचा गडहिंग्लज तालुका) काय घडले, याची सर्वांत जवळची नोंद इंग्रजांच्या पत्रव्यवहारात सापडते. रायगडावर इंग्रजांचे काम पाहणाऱ्या नारायण शेणवी याने ४ एप्रिल १६७४ रोजी मुंबईला कळवले की, दोन टेकड्यांमधल्या अरुंद वाटेत प्रतापराव सहा स्वारांसह मारले गेले आणि उर्वरित सैन्याची कुमक त्यांना मिळाली नाही. घटनेनंतर दीड महिनाही लोटला नव्हता. सहा हा आकडा या पत्रात आहे. सहांपैकी एकाचेही नाव त्यात नाही.

दुसरे साधन सभासदाची बखर. ती राजाराम महाराजांच्या काळात, जिंजीस, घटनेनंतर वीस वर्षांहून अधिक काळाने लिहिली गेली. उमराणीला बहलोलखानाचे पाणी तोडून त्याला कोंडल्यावर प्रतापरावांनी जाऊ दिले, महाराज रुष्ट झाले, खान पुन्हा चालून आला आणि प्रतापराव कामी आले, ही साखळी तेथे आहे. पण सभासदाच्या वर्णनात मोठे रण आहे, दोन्हीकडे पुष्कळ माणसे पडतात. सात स्वारांची एकाकी दौड त्याच्याकडे नाहीच! शेणवीचे पत्र आणि सभासद यांचा मेळ कसा घालायचा, यावर इतिहासाच्या वर्गात तासभर वाद व्हावा. चित्रपटाने हा प्रश्न उचलला असता तर तो वेगळाच झाला असता.

मग प्रचलित यादी कोठून आली? जयराम पिंड्ये या कवीचे ‘पर्णालपर्वतग्रहणाख्यान’ नावाचे संस्कृत काव्य आहे. त्याचा विषय १६७३ ची पन्हाळ्याची मोहीम आणि पाठोपाठ झालेली उमराणीची लढाई. यादीतली बरीचशी नावे त्या काव्यात भेटतात. मात्र ती उमराणीच्या सरदारांची आहेत. सिद्दी हिलाल तेथे आपल्या पाच मुलांसह लढतो. उमराणी एप्रिल १६७३ ची, नेसरी त्यानंतर दहा महिन्यांनी. एका लढाईची हजेरी दुसऱ्या लढाईच्या मृत्युपत्रकावर चढली. हे सरदार खरे, त्यांचे शौर्यही खरे. परंतु ते नेसरीच्या खिंडीत पडले याला समकालीन आधार नाही.

तात्पर्य, मांजरेकरांची यादी कल्पित आहे आणि तिला खोडणारी यादी उसनी आहे. भांडण दोन अंदाजांचे चालले आहे.

ग्रीक इतिहासकार हेरोडोटस याने थर्मोपिलीच्या खिंडीत पडलेल्या तीनशे स्पार्टन योद्ध्यांबद्दल लिहिताना सांगितले आहे की त्या तीनशेही जणांची नावे आपण माहीत करून घेतली. ग्रंथात मात्र त्याने ती सर्व दिली नाहीत. त्याला नावे ठाऊक होती आणि त्याने ती लिहिली नाहीत. आपल्याला ठाऊक नाहीत आणि आपण ती जाहिरातीवर छापतो.

यावर ठरलेले उत्तर असते : सिनेमाचे स्वातंत्र्य. ते कोणी नाकारत नाही. संवाद कल्पावेत, घोड्याचा रंग कल्पावा, रात्रीच्या छावणीतला विनोद कल्पावा. अकिरा कुरोसावा यांनी १९५४ मध्ये ‘सेव्हन सामुराई’ केला, त्यातले सातही जण कल्पित आहेत आणि ते खरे असल्याचा दावा त्यांनी केला नाही. नेसरी ही मात्र घडलेली गोष्ट आहे. महाराष्ट्रात आडनाव म्हणजे गाव, घराणे, वतन आणि जात. कल्पित वीराला खरे वाटणारे आडनाव दिले की दहा वर्षांत त्याचा फलक उभा राहतो, वीस वर्षांत वंशज भेटतात. शिवाय जुन्या यादीतला सिद्दी हिलाल नव्या यादीत नाही. पुरावा तपासून त्याला वगळले असते तर ते योग्यच झाले असते. पण मग उरलेले पाचही गळायला हवे होते आणि त्यांच्या जागी नवे सहा यायला नको होते. न सांगता केलेल्या अशा बदलातून प्रेक्षक काय समजेल, हे निर्मात्यांना कळत नसेल असे मानणे कठीण आहे.

मुळात दोष साच्याचा आहे. अतिमानवी वीरांच्या इंग्रजी चित्रपटांनी भित्तिचित्राची एक रीत पक्की केली आहे : मध्ये नायक, दोन्ही बाजूंना सहा चेहरे, प्रत्येकाचे शस्त्र वेगळे, स्वभाव वेगळा. या रीतीत अनाम माणसाला जागा नसते. चुकणाऱ्या नायकालाही नसते. नेसरी तर आरंभापासून अखेरपर्यंत चुकीची आणि तिच्या ओझ्याची कथा आहे : सरनोबताने शत्रूला सोडले, राजाने बोल लावला आणि त्या बोलापायी सेनापती फौज मागे ठेवून निघाला. लष्करी दृष्टीने हा निर्णय घातक होता. असे म्हटल्याने प्रतापराव लहान होत नाहीत. त्यांना दोषरहित करणारा चित्रपटच त्यांना लहान करील.

आणि प्रतापराव म्हणजे केवळ ती एक दुपार नव्हे. बुलढाण्याहून भोकरदनकडे जाताना लागणारे धाड वऱ्हाड आणि मराठवाड्याच्या सीमेवर आहे (गावाचे नावच प्रतापरावांच्या चरित्रात शोभावे असे). येथल्या मुलांना नेसरी दूरची वाटते, मात्र प्रतापराव त्यांच्या अंगणातले आहेत. आग्र्याहून सुटकेनंतर मोगलांशी तह झाला, संभाजीराजांना मनसब आणि वऱ्हाडात जहागीर मिळाली. त्या मनसबीची फौज घेऊन प्रतापराव आणि निराजी रावजी औरंगाबादेस शाहजादा मुअज्जमजवळ राहिले. त्यांना धरण्याचा औरंगजेबाचा हुकूम पोहोचण्यापूर्वी ते फौजेसह निसटले, असे सभासद सांगतो. १६७० च्या अखेरीस मराठी फौजा खानदेशातून वऱ्हाडात शिरल्या आणि कारंज्याची संपन्न पेठ लुटली गेली. त्याच मोहिमेत गावोगावच्या पाटलांकडून चौथाईचे लेखी करार घेतल्याचे ग्रँट डफ नोंदवतो आणि त्याचे श्रेय प्रतापरावांना देतो. १६७२ मध्ये साल्हेरच्या मैदानात मोगलांचा पराभव झाला, तेथेही मोरोपंतांबरोबर तेच होते. शत्रूच्या छावणीत दोन वर्षे राहून वेळेवर निसटलेला सेनानी! पटकथालेखकाला याहून काय हवे?

पण साच्यात हे बसत नाही. साच्याला सात घोडे आणि सूर्यास्त पुरतो.

प्रसिद्धीतली सहा नावे अजून मागे घेता येतील. त्यांऐवजी जुनी सहा घालण्याचे कारण नाही, मग त्यासाठी कितीही दबाव येवो. श्रेयनामावलीत हार्दिक जोशी, विराट मडके आदी नटांसमोर ‘पहिला स्वार’, ‘दुसरा स्वार’ असे सहापर्यंत लिहावे. नारायण शेणवीच्या पत्रात त्यांची ओळख तेवढीच आहे.