शेगडी विझली, काम संपले नाही

बकरी ईदचे तीन दिवस घरोघरी शेगडी पेटते. सीख कबाब होतात, बोटी भाजली जाते, पाहुणे तृप्त होऊन जातात. मागे राहतात त्या सळया, जाळी आणि चिमटे, आणि 'उद्या बघू' म्हणून ते मोरीच्या कोपऱ्यात पडून राहतात. २०२४ मध्ये ही ईद १७ जूनला आली, २०२५ मध्ये ७ जूनला, म्हणजे पावसाच्या तोंडावर. अशा दमट हवेत मीठ-मसाला लागलेल्या लोखंडाला गंज चढायला वेळ लागत नाही. म्हणून भगिनींनो, हे काम त्याच रात्री उरकावे, असे आम्ही सुचवतो.

जाळी : निखारे धगधगत असतानाच रिकामी जाळी पाच-दहा मिनिटे तापू द्या. मग अर्धा कांदा लांब चिमट्यात धरून कापलेल्या बाजूने जाळी घासा. चिकटलेले सुटून येते. जाळी गार झाली की साबण आणि नारळाच्या काथ्याने धुवा.

तारेचा ब्रश मात्र वापरू नका. त्याची तुटलेली तार जाळीला चिकटते आणि तिथून घासात जाते. अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स शहरात मार्च २०११ ते जून २०१२ या काळात अशा तारा गिळल्याने सहा जणांना इजा झाल्याची नोंद आहे. कुणाच्या घशात, कुणाच्या आतड्यात तार रुतली होती. आपली तारेची घासणीही झिजली की तुकडे सोडते. किम्यात दडलेली तार मुलांना दिसणार नाही. म्हणून जाळी वापरण्यापूर्वी ओल्या फडक्याने पुसून उजेडात बघा.

सळया : गरम पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घालून अर्धा तास भिजवा. लाकडी मूठ पाण्याबाहेर ठेवा. अॅल्युमिनियमचे भांडे घेऊ नका, ते सोड्याने काळे पडते. पुसताना मुठीकडून टोकाकडे पुसा, म्हणजे टोक तळहातात घुसणार नाही. गंज असेल तर लिंबू-मीठ चोळा, धुवा आणि लगेच आचेवर कोरडी करा. लोखंडी सळईला तेलाचा हात नुसता फिरवा. जास्त तेल चिकट होऊन खवट वास मारते. स्टीलच्या सळईला तेल लागत नाही.

मुलामा सुटणारी सळई टाकून द्या. जस्ताचा मुलामा असलेली बांधकामाची तार सळई म्हणून मुळीच वापरू नका. दही-लिंबाच्या आंबटपणाने जस्त उतरून गोश्तात मिसळते.

चिमटे : कच्च्या गोश्ताचा चिमटा वेगळा, शिजलेल्याचा वेगळा. एकच असेल तर मध्ये साबणाने धुवा. कच्च्या मांसातील जंतू त्याच चिमट्याने ताटात येतात.

शेगडी : पाऊस आला म्हणून जळती शेगडी खोलीत आणू नका. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच माणूस दगावतो. तापलेल्या बिडाच्या शेगडीवर पाणी ओतू नका, तिला तडा जातो. राख रात्रभर बाहेर निवू द्या आणि लोखंडी बादलीतच काढा. वरून गार दिसली तरी आत निखारा असू शकतो. राख शेगडीतच राहू दिली तर ती ओल धरते आणि पत्रा खाते.

शेवटी सळया कोरड्या फडक्यात गुंडाळून, टोके झाकून, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवा. पुढच्या वेळी वापरण्याआधी एकदा धुऊन घ्या.