मलम दोघांनी लावायचं!

परवा भिशीला जमलो होतो. सगळ्या निघाल्या तरी एक मैत्रीण मागे रेंगाळली. कुणी ऐकत नाही असं बघून हळूच म्हणाली, "ताई, मला खरूज झाली होती. मलम लावून तीन आठवडे झाले, पण हे अजून बाहेरच्या खोलीतच झोपतात. म्हणतात, तुझी खाज गेलेली नाही, मला नको लावूस." सांगताना तिचे डोळे भरून आले.

मी विचारलं, "त्यांनी लावलं का मलम?"

"छे हो! आजार तुला, मी कशाला लावू, म्हणाले."

मैत्रिणींनो, खरी मेख इथेच आहे. खरूज होते ती कातडीत शिरणाऱ्या एका बारीक किड्यामुळे. दिवसातून दोनदा अंघोळ करणारीलाही ती होते. बराच वेळ अंगाला अंग लागलं की किडा पसरतो, म्हणजे एका अंथरुणात झोपणारे दोघंही आलेच. शिवाय पहिल्यांदा लागण झाली तर खाज सुटायला ४ ते ६ आठवडेसुद्धा लागतात. तेव्हा जिला आधी खाज सुटली, तिनेच आजार घरात आणला, हे साफ चूक!

म्हणून घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी औषध घ्यायचं. पर्मेथ्रिनचं ५ टक्क्यांचं मलम रात्री मानेपासून तळपायापर्यंत लावायचं. बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा विसरायच्या नाहीत. ८ ते १२ तासांनी अंघोळ करायची आणि आठवड्याने हेच पुन्हा करायचं. कपडे, चादरी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात घालायच्या. दिवस गेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर डॉक्टरांना आधी सांगायचं. आणि मेडिकलमधून विचारून आणलेली ट्यूब नकोच. त्यात स्टेरॉइड असेल तर खाज दबते, किडा तसाच राहतो.

मग जवळ कधी यायचं? दोघांचंही दोन्ही वेळचं मलम पुरं झालं की. तोवर थांबायचं. निरोध वापरून इथे भागत नाही, कारण किडा अंगावरून अंगावर जातो. त्यानंतरही २ ते ४ आठवडे खाज राहू शकते. मेलेल्या किड्यांमुळेही ती येते, म्हणून लगेच घाबरू नये. मात्र नवे पुरळ उठले किंवा खाज त्याहून लांबली, तर पुन्हा डॉक्टरांकडे जायचं.

माझं म्हणणं एवढंच, की हे सगळं डॉक्टर बायकोला सांगतात आणि नवरा बाहेर गाडीपाशी उभा असतो. त्याला आत न्या. त्याने मलम लावलं नसेल तर "थांबा" म्हणायचा हक्क तुमचा आहे. उपचार पुरे झाल्यावर "आता या" म्हणायला लाजू नका. आजार आठवड्याभराच्या औषधाने जातो, पण मनात धरलेलं अंतर महिनोन् महिने राहतं.

त्या मैत्रिणीला म्हटलं, तुझी खाज औषधानंतरची की पुन्हा लागण झालेली, हे डॉक्टरच बघून सांगतील. उद्या जा. पण एकटी जाऊ नकोस!