स्कॅनमधला डाग माणसाचं भविष्य ठरवत नाही

लकव्याचा झटका आला की घड्याळ सुरू होतं. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्याआधी मेंदूत रक्तस्राव नाही ना, हे सीटी स्कॅनवर पाहावंच लागतं. म्हणजे जिथे स्कॅन नाही, तिथे औषध असूनही उपयोग नाही.

मोठ्या वाहिनीतली गुठळी नळी घालून बाहेर काढता येते, हे २०१५च्या चाचण्यांनी सिद्ध केलं. २०१८च्या ‘डॉन’ चाचणीत तर ६ ते २४ तास उलटलेले रुग्ण घेतले. मेंदूचा किती भाग मेला हे स्कॅनवर मोजून आणि ते लक्षणांच्या तीव्रतेशी ताडून त्यांची निवड झाली. ९० दिवसांनी स्वतःच्या पायावर उभे राहिलेले रुग्ण गुठळी काढलेल्यांमध्ये ४९ टक्के होते, इतरांमध्ये १३.

पण जे माप दार उघडतं, तेच दार बंदही करतं. स्कॅनवर डाग मोठा दिसला की ‘आता उपयोग नाही’ असं सांगितलं जायचं. २०२३मध्ये ‘सिलेक्ट-२’ आणि चीनमधल्या ‘एंजल-ॲस्पेक्ट’ या चाचण्यांनी हा समज मोडला. ‘सिलेक्ट-२’मध्ये मोठा डाग असलेल्यांपैकीही २० टक्के स्वावलंबी झाले, गुठळी न काढलेल्यांमध्ये ७ टक्केच. बहुतेकांना अपंगत्व राहिलंच, हेही खरं. पण ‘उपयोग कमी’ आणि ‘उपयोग नाही’ यांत एका माणसाच्या आयुष्याएवढं अंतर आहे.

आणखी एक गोष्ट स्कॅनमध्ये दिसत नाही : घरी गेल्यावर काय होतं. भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झालेल्या ‘अटेंड’ चाचणीचा निष्कर्ष २०१७मध्ये आला. कुटुंबीयांना शिकवून घरीच पुनर्वसन केलं, तरी सहा महिन्यांनंतर मृत्यू किंवा परावलंबनाचं प्रमाण कमी झालं नाही. म्हणजे प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टचं काम घरच्या बाईवर ढकलून व्यवस्था मोकळी होऊ शकत नाही. मजुरीवर जगणाऱ्या आपल्या वस्त्यांमध्ये रुग्णासोबत तिचाही रोजगार बुडतो.

आजारी, एकट्या पडलेल्या भिक्खूला तथागतांनी स्वतः अंघोळ घातली आणि संघाला सेवेची जबाबदारी दिली. शुश्रूषा ही दया नव्हे, संघाचं कर्तव्य आहे. तोच न्याय आपण शासनाला लावला पाहिजे.

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या हव्यात. जिल्हा रुग्णालयात सीटी स्कॅन चोवीस तास सुरू हवा. इंजेक्शनचा साठा हवा. गुठळी काढणाऱ्या केंद्रापर्यंत रुग्णवाहिका हवी. तालुक्यात फिजिओथेरपिस्ट हवा. आणि प्रत्येक विहारात तरुणांनी लक्षणं शिकवावीत : तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, जीभ अडखळणं. दिसताच वेळ न घालवता १०८.