इंजिन बंद पडलं म्हणजे नेमकं काय बंद पडलं?

वीकेंडला लोक ट्रेकला जातात, सिनेमाला जातात, नाहीतर मॉलमध्ये एसीची हवा खात फिरतात. मी विमान अपघातांचे अहवाल वाचतो. विचित्र वाटेल, पण सॉफ्टवेअरवाल्यासाठी ह्याहून चांगलं वाचन मला तरी अजून सापडलेलं नाही. आपल्याकडे सर्व्हर पडला की दुसऱ्या दिवशी एक 'रूट कॉज' डॉक्युमेंट फिरतं आणि त्यात शेवटी दोष नेटवर्कचा निघतो. एनटीएसबीचे, म्हणजे अमेरिकेत अपघातांचा तपास करणाऱ्या सरकारी मंडळाचे अहवाल तसे नसतात. कुठला नट सैल होता इथपर्यंत लिहिलेलं असतं, आणि ते सगळ्यांना वाचायला खुलं असतं.

त्यातही मला घरी बांधलेल्या विमानांचे अहवाल जास्त खेचून घेतात. हो, घरी बांधलेल्या! अमेरिकेत ही जुनी हौस आहे. ह्या मंडळींची ईएए नावाची संघटना १९५३ पासून आहे. नियम असा, की विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौसेनं आणि शिकण्यासाठी तुम्ही स्वतः केलेलं असलं पाहिजे. मग कारखान्यातल्या विमानाला जी सर्टिफिकेशनची दिव्यं करावी लागतात ती तुम्हाला नाहीत. लोक गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं खपतात आणि एक दिवस त्यात बसून उडतात. आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं, ते २०१६ च्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात बीकेसीला लोकांनी पाहिलं आणि २०१७ मध्ये डीजीसीएकडे त्याची नोंदणी झाली, हे आठवत असेलच. गच्चीवर विमान! आमच्या सोसायटीत गच्चीवर पापड वाळत घालायचे तरी सेक्रेटरीची परवानगी लागते.

असो. मुद्द्यावर येतो.

२०१२ मध्ये एनटीएसबीने ह्या घरगुती विमानांवर एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या खासगी, हौशी विमानांमध्ये ह्यांची संख्या जवळपास १० टक्के. पण २०११ मधल्या अपघातांत त्यांचा वाटा साधारण १५ टक्के, आणि जीवघेण्या अपघातांत २१ टक्के. सगळ्यात जास्त आढळलेले प्रकार दोन: इंजिनाची ताकद जाणं आणि हवेत विमानावरचा ताबा सुटणं. अपघात गोळा होतात तेही ठरावीक ठिकाणी. विमान नवंकोरं असताना पहिल्या काही तासांत, किंवा ते दुसऱ्याला विकल्यावर नव्या मालकाच्या सुरुवातीच्या उड्डाणांत.

हे वाचून पहिली प्रतिक्रिया काय होते? 'इंजिन चांगलं घ्यायला पाहिजे.' हौशी मंडळींचे वादही ह्यावरच रंगतात. लायकॉमिंग घ्यावं की रोटॅक्स, की सुबारू गाडीचं इंजिन काढून बसवावं? विंडोज की लिनक्स ह्या वादाइतकाच हा वाद न संपणारा आहे. माझं मत असं, की बऱ्याचदा हा वाद चुकीच्या ठिकाणी चाललेला असतो. 'इंजिन बंद पडलं' हा शब्दप्रयोगच आपली दिशाभूल करतो. कितीतरी अहवालांत इंजिनाचा पिस्टन, क्रँक, व्हॉल्व्ह सगळं ठणठणीत सापडतं. त्याला पेट्रोल मिळालेलं नसतं, एवढंच. आणि पेट्रोल इंजिनापर्यंत पोचवणारी सगळी भानगड, म्हणजे टाक्या, पाइप, फिल्टर, कॉक, पंप, टाकीत हवा जाऊ देणारी बारीक नळी, हे सगळं त्या गॅरेजवाल्याने स्वतः जोडलेलं असतं. आपल्या भाषेत सांगायचं तर लायब्ररी उत्तम टेस्ट केलेली आहे, बग आपल्या ग्लू कोडमध्ये आहे.

ह्याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे जॉन डेन्व्हर. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये गिटार हातात आली की ज्याचं गाणं कोणीतरी म्हणतंच, तोच तो. १२ ऑक्टोबर १९९७ ला कॅलिफोर्नियात मॉन्टेरेजवळ त्याचं 'लाँग-ईझी' समुद्रात कोसळलं. हे विमान म्हणजे बर्ट रुटानच्या डिझाइनची एक सुंदर चीज, पण प्रत्यक्ष बांधलेलं एका हौशी माणसाने. डेन्व्हरने ते वापरलेलं विकत घेतलं होतं.

आता जरा बारकाईने बघा. तुमच्या बाबांची चेतक आठवते? पेट्रोल संपत आलं की स्कूटर गचके द्यायला लागायची, मग बाबा चालता चालता खाली हात घालून कॉक रिझर्व्हला फिरवायचे. ह्या विमानातही तसाच कॉक होता, डाव्या आणि उजव्या टाकीसाठी. रुटानच्या नकाशात तो पायलटच्या हाताशी होता. बांधणाऱ्याने तो हलवून पायलटच्या डाव्या खांद्यामागे बसवला, कारण त्याला कॉकपिटमधून पेट्रोलच्या नळ्या न्यायच्या नव्हत्या. विचार अगदीच वेडगळ नव्हता हो! पण परिणाम असा, की टाकी बदलायची तर दांडा सोडायचा, अंग पिळायचं आणि उजवा हात डाव्या खांद्यावरून मागे न्यायचा. तपास करणाऱ्यांनी जमिनीवर तसं करून पाहिलं, तेव्हा लक्षात आलं की अंग पिळताना आधारासाठी उजवा पाय आपोआप ताणला जातो. आणि उजव्या पायाखाली असतं रडरचं पेडल.

उड्डाणाआधी डेन्व्हरला हे खटकलं होतं. कॉकची मूठ लांब करायला त्याने आणि तिथल्या मेकॅनिकने चिमटा-पक्कड लावून पाहिली, जमलं नाही. पेट्रोल किती उरलंय हे दाखवणाऱ्या काचाही मागेच होत्या, त्यांच्यावर आकडे नव्हते, म्हणून मेकॅनिकने त्याला एक आरसा दिला. पेट्रोल भरू का विचारल्यावर तो नको म्हणाला, तासभरच उडायचं होतं. माणूस नवशिका नव्हता, २,७०० हून जास्त तास उडालेला होता. पण हे विमान त्याने आदल्या दिवशीच मॉन्टेरेला आणलेलं. थोड्या वेळाने किनाऱ्यावरच्या लोकांनी इंजिनाचे फट्फट् आवाज ऐकले आणि जेमतेम पाचशे फुटांवरून विमान कलंडून खाली गेलेलं पाहिलं. एनटीएसबीचा निष्कर्ष: कॉकशी झटापट करताना लक्ष उडालं, नकळत उजवं रडर दाबलं गेलं, ताबा सुटला. पेट्रोल न भरणं, कॉकची जागा, काचांवर खुणा नसणं आणि ह्या विमानाचं अपुरं प्रशिक्षण हेही त्यांनी कारणांत धरलं.

आता सांगा, ह्यात लायकॉमिंग की रोटॅक्स ह्या वादाचा काय संबंध?

म्हणून मला वाटतं, घरी विमान बांधणाऱ्याला फक्त एकच टेस्ट सक्तीची करायची असेल तर ती बादलीची करावी. विमानाचं नाक चढाईच्या वेळी जितकं वर असतं तितकं उचलून ठेवायचं, टाकीत थोडंसंच पेट्रोल ठेवायचं, कार्ब्युरेटरपाशी नळी सोडायची आणि घड्याळ लावून किती पेट्रोल बादलीत पडतं ते मोजायचं. नुसत्या गुरुत्वाकर्षणावर चालणारी यंत्रणा असेल तर पूर्ण ताकदीला इंजिन जितकं पितं त्याच्या दीडपट यायला हवं, पंप असेल तर सव्वापट. १०० हॉर्सपॉवरचं रोटॅक्स ९१२ टेक-ऑफला तासाला साधारण २७ लिटर पितं. म्हणजे दीडपट झाले ४० लिटर, आणि दहा मिनिटांत बादलीत साडेसहा लिटरच्या वर पडायला हवेत. मोजायला फक्त घड्याळ आणि बादली लागते.

नाक वर करूनच का? कारण सपाट जमिनीवर, भरल्या टाकीने इंजिन तासभर मस्त चालतं. चढताना नाक वर जातं, टाकी आणि कार्ब्युरेटर ह्यांच्या उंचीतला फरक बदलतो, आणि नेमकी तेव्हाच इंजिनाची भूक सगळ्यात जास्त असते. 'माझ्या मशीनवर तर चालत होतं' ह्याचं ह्याहून भीषण रूप मला माहीत नाही. त्यात नव्या टाकीत फायबरचा भुसा, सीलंटचे तुकडे उरलेले असतात, ते पहिल्या काही तासांत फिल्टरमध्ये येऊन बसतात. कधी हवेच्या नळीत गांधीलमाशी घर करते, टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल खाली यायचं थांबतं. एनटीएसबीने २०१२ मध्येच शिफारस केली होती, की इंधन यंत्रणेची अशी प्रत्यक्ष चाचणी आणि तिची लेखी नोंद सक्तीची करा. ह्यावर 'सरकारी लुडबूड' म्हणून नाक मुरडणारे हौशी लोक आहेत. स्वातंत्र्य मलाही प्रिय आहे, पण बादलीने कोणाचं स्वातंत्र्य जातं हे मला कळत नाही.

जाता जाता पेट्रोलबद्दल. आपल्याकडे २०२५ मध्ये ई-२० वरून जो गदारोळ झाला तो रस्त्यावरच्या गाड्यांपुरता होता. विमानात इथेनॉल म्हणजे वेगळी डोकेदुखी. ते पाणी ओढून घेतं, काही प्रकारचं रबर आणि फायबरच्या टाकीतलं रेझिन खराब करू शकतं. पंपावरचं पेट्रोल चालवून घेणाऱ्या रोटॅक्सनेही मर्यादा १० टक्के इथेनॉलचीच सांगितली आहे. शिवाय गरम इंजिनाजवळून जाणाऱ्या नळीत पेट्रोल उकळून वाफ होते, तेव्हा पंप नुसतीच वाफ ओढत बसतो. थंडीचं म्हणाल तर उलटं: दमट हवेत, बाहेर चक्क २० अंश असतानाही, कार्ब्युरेटरच्या घशात बर्फ जमू शकतो, कारण पेट्रोलची वाफ होताना तिथलं तापमान झपाट्याने उतरतं. त्यासाठी गरम हवा आत सोडायची खिट्टी असते. ती वेळेवर ओढली तर उपयोग.

बरं, एवढं करूनही इंजिन गेलंच तर? इथे गणित करून बघण्यासारखं आहे.

समजा विमान ताशी १२० किलोमीटरने चढतंय, तीनशे फुटांवर इंजिन गेलं. मन म्हणतं, मागे वळ, धावपट्टी तिथेच आहे. तीस अंश कलून वळलात तर वळणाची त्रिज्या साधारण २०० मीटर. अर्धवर्तुळ म्हणजे सहाशेहून जास्त मीटर, जवळपास १९ सेकंद. एवढं करून तुम्ही धावपट्टीच्या ४०० मीटर बाजूला! अजून तिच्याकडे वळायचं, मग परत सरळ व्हायचं. बंद इंजिनाचा पंखा वाऱ्याने फिरत ब्रेकसारखा ओढत असतो. सात मीटर पुढे गेल्यावर एक मीटर खाली, असं धरलं तरी नुसत्या अर्ध्या वळणात तीनशे फूट संपले. त्याआधीचे 'अरे, हे काय झालं?' म्हणण्यात गेलेले चार सेकंद अजून धरलेलेच नाहीत.

मग जास्त कलून वळूया? कललेल्या विमानाच्या पंखांना जास्त वजन उचलावं लागतं, त्यामुळे ज्या वेगाखाली पंख साथ सोडतात तो वेग वाढतो. सरळ उडताना तो ताशी ८० असेल तर ४५ अंशांना ९५ होतो, ६० अंशांना ११३. आणि तुमच्याकडे आहेत १२०, तेही नाक खाली दाबलं असेल तर. ही घरगुती विमानं हलकी असतात, इंजिन गेल्यावर दोन-तीन सेकंदांत वेग गळतो. म्हणून पहिलं काम एकच: नाक खाली. धावपट्टी, रेडिओ, कॉक, सगळं नंतर. उंची असेल तर दुसरी टाकी, पंप, गरम हवा, मॅग्नेटो हे करून बघायचं. नसेल तर समोर, थोडं डावी-उजवीकडे, जे काही शेत-माळ दिसतंय तिथे उतरायचं. टेकण्याआधी पेट्रोल आणि इग्निशन बंद, दार किलकिलं.

विमान मोडेल ना! मोडू दे. वाऱ्याच्या दिशेचंच बघा: ८० च्या वेगाने टेकताना ताशी २० चा वारा समोरून असेल तर जमिनीवरचा वेग ६०, पाठीमागून असेल तर १००. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे फरक जवळजवळ तिपटीचा. समोरच्या माळावर ताब्यात असलेलं विमान साठच्या वेगाने घासत गेलं तर आतला माणूस बहुतेक वेळा चालत बाहेर येतो. वळताना पंखांनी साथ सोडली तर नाही.

पण ज्याने आयुष्याची आठ वर्षं आणि बायकोची बोलणी खाऊन ते विमान बांधलंय, त्याला त्या क्षणी ते मोडायची तयारी दाखवणं जड जातं. तो नकळत विमान वाचवायला बघतो. म्हणून पहिल्या चाचण्या त्याने एकट्याने करू नयेत असं माझं ठाम मत आहे. आपण आपलाच कोड टेस्ट करत नाही, निदान करू नये. अमेरिकेत नवीन विमानाला सुरुवातीला २५ तास (सर्टिफाइड इंजिन-पंख्याची जोडी नसेल तर ४०) ठरलेल्या भागातच, प्रवाशाविना उडवून दाखवायची अट फार पूर्वीपासून घातली जात आली. गंमत म्हणजे ह्या काळात शेजारी जाणकार पायलट बसवायलाही मुभा नव्हती. ती २०१४ मध्ये एफएएने दिली. माझ्या मते ही गेल्या काही वर्षांतली सगळ्यात शहाणी सुधारणा. शेजारी बसलेल्याने त्या विमानासाठी आठ वर्षं घातलेली नसतात. तो धावपट्टीवरच विचारतो, 'तीनशे फुटांवर गेलं तर कुठे?' आणि उत्तर ऐकल्याशिवाय थ्रॉटलला हात लावू देत नाही.

मॅग्नेटोचा वर नुसता उल्लेख झाला. बॅटरीशिवाय ठिणगी पाडणारं ते जुनंपुराणं यंत्र विमानात अजून का टिकून आहे, आणि गाडीचं इंजिन बसवणारे त्यावरून एवढे का भांडतात, ते पुढच्या वीकेंडला.