आजी रागीट होती, हे लिहायचं राहिलं

आपल्या अंकाच्या संपादन समितीवर मला चार वर्षं झाली. दर दिवाळीला आई किंवा आजीवरचे दोन-तीन लेख हमखास येतात. लेखकांची नावं झाकली, तर कुठली आजी कुणाची ते मला सांगता यायचं नाही. सगळ्या मायाळू, सगळ्या पहाटे चारला उठणाऱ्या, सगळ्यांच्या हाताला चव. एकीनेही कधी जावेशी अबोला धरलेला नाही. मंडळी रुसतील, पण मला हे लेख पटत नाहीत.

माझी आजी गेली तेव्हा मीही तेच केलं होतं. तिला उचलताना मोबाइलवर पाहिलं, रात्रभर जागलो आणि सकाळी एकटाकी दोन पानं लिहिली. 'अन्नपूर्णा' हा शब्द तीनदा. तेराव्यानंतर आत्याचा फोन आला, "छान लिहिलंयस रे. पण ही बाई कोण?"

खरंच कोण? आमची आजी रागीट होती. वाटणीत परसातला फणस दिराच्या वाट्याला गेला, तर तिने पुढे बारा वर्षं घरात फणसाची भाजी शिजू दिली नाही. दुधाचे खाडे आणि भिशीचे हप्ते ती कालनिर्णयच्या चौकोनात टिपून ठेवी, आणि भांडणात तोच पुरावा काढी. आत्याला डी.एड.ला पाठवायला तिने पाटल्या गहाण टाकल्या. आजोबांना ते कळलं दोन महिन्यांनी, तेही सोनाराकडून. माझ्या लेखात याचं काय झालं होतं? 'मुलांसाठी तिने दागिन्यांचाही त्याग केला.' त्याग कसला? तिने हिशेब केला, नवऱ्याला अंधारात ठेवलं आणि मुलीला कमावती केली. गुण गाता गाता आपण बाईची अक्कल वजा करतो आणि सोशिकपणा तेवढा शिल्लक ठेवतो.

गेलेल्या माणसाचं उणं काढू नये, असं समितीतच मला ऐकवण्यात आलं. मग लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' कपाटातून काढून टाकायची का? वडिलांच्या सोवळ्याचं वेड, नवऱ्याचा लहरीपणा, स्वतःची फजिती, काहीही त्यांनी झाकलं नाही. म्हणून रेव्हरंड टिळक कुणाच्या मनातून उतरलेले नाहीत. उलट दोघंही आपल्या ओळखीची होऊन बसली.

आपल्यासारख्या परदेशात राहणाऱ्यांना तर हे जास्त लागू आहे. गावात आजीचा लेख खोटा ठरवायला शेजारीण असते. इथे वाढलेल्या मुलांना आजी भेटली ती सुट्टीतल्या तीन आठवड्यांत आणि रविवारच्या व्हिडिओ कॉलवर. आपण कागदावर ठेवू तीच त्यांची पणजी. 'वात्सल्यमूर्ती' माझ्या मुलीच्या डोक्यावरून गेली. फणसाची गोष्ट मात्र ती मैत्रिणींना सांगते.

आणि मरणाची वाट कशाला पाहायची? बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या जात्यावर, शेतात गात होत्या तेव्हा मुलगा सोपानदेव आणि घरातल्याच एका नातलगाने गाणी उतरवून घेतली. बहिणाबाई १९५१ साली गेल्या, पुस्तक आलं १९५२ साली. ती वही नसती, तर जळगावाकडच्या एका घरात 'आमची आई फार छान गायची' एवढंच उरलं असतं. आपल्या सगळ्यांच्या खिशात रेकॉर्डर आहे, आणि त्यात भरलेत गुड मॉर्निंगचे संदेश.

तेव्हा पुढच्या फोनवर 'जेवलीस का' झालं की माहेरचं नाव विचारा. मी विचारलं नव्हतं. भाऊबिजेला आलेला तिचा म्हातारा भाऊ तिला भलत्याच नावाने हाक मारायचा आणि ती पोरीसारखी धावत जायची, एवढं आठवतं. ते नाव आता आत्यालाही सांगता येत नाही.

माझा जुना लेख मी नव्याने लिहायला घेतला आहे. वडील म्हणतात फणसाचा राग सात वर्षंच टिकला. आत्या बारावर ठाम आहे. दोघांचे आकडे छापतो आहे.