‘अन्य स्रोत नसल्यास’

भारतीय मानक ब्युरोने २०१२ साली पिण्याच्या पाण्याचे जे सुधारित प्रमाणक प्रसिद्ध केले, त्यात बऱ्याच घटकांपुढे दोन आकडे आहेत. एक लिटर पाण्यात विरघळलेले एकूण क्षार ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, हा पहिला आकडा; दुसरा २००० चा. जडपणा २०० पर्यंत असावा, पण ६०० पर्यंत चालेल. क्लोराइड २५० पर्यंत असावे, पण १००० पर्यंत चालेल. हे ‘चालेल’ कोणासाठी? प्रमाणकाने त्याचे उत्तर अवघ्या तीन शब्दांत दिले आहे : ‘अन्य स्रोत नसल्यास’. वऱ्हाडातील खारपाणपट्ट्याच्या पिण्याच्या पाण्याचे सारे राजकारण या तीन शब्दांत सामावले आहे, आणि ते शब्द येथे लागूच होत नाहीत, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

अंजनगाव सुर्जी तालुक्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणावा. उत्तरेला सातपुड्याची, मेळघाटची भिंत. तिच्या पायथ्याशी गोड्या पाण्याचा पट्टा. पानमळे, पानपिंपळी, केळी आणि संत्री ही त्या पाण्याचीच देणगी. (ते पाणीही आता उपशामुळे खोल खोल चालले आहे, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय.) तेथून दक्षिणेकडे दर्यापूरच्या दिशेने, पूर्णेकडे उतरू लागले की विहिरीचे पाणी बदलते. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरवर हा खारपाणपट्टा पसरला असून त्यात सुमारे नऊशे गावे येतात. पूर्णेचे खोरे ही खचलेल्या भूभागात शेकडो मीटर जाडीचा गाळ साचून झालेली द्रोणी. चिकण काळ्या मातीतून पाण्याचा निचरा होत नाही, पाऊस बेताचा, उन्हाळा भाजून काढणारा. क्षार तेथेच राहतात. निसर्गाने हे केले, यात वाद नाही. परंतु निसर्गाने केले म्हणून माणसाने ते प्यावे, हा निष्कर्ष निसर्गाचा नव्हे. तो शासनाचा आहे.

शाळेच्या पुस्तकात अशा पाण्याला ‘दुष्फेन’ म्हणतात. खेड्यातल्या बाईला तो शब्द ठाऊक नसतो. साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ दोन-दोन तास शिजत नाही, भांड्यावर पांढरा थर धरतो, एवढे तिला ठाऊक असते. साबण आणि सरपण यांच्या रूपाने ती दररोज एक कर भरते. कोणत्याही अर्थसंकल्पात त्याची नोंद नाही आणि कोणत्याही आमदाराने त्याविरुद्ध सभात्याग केलेला नाही. तक्रार झाली की ग्रामपंचायत ब्लिचिंग पावडर टाकते. ब्लिचिंगने जंतू मरतात, तुरटीने गढूळपणा खाली बसतो. क्षार मात्र होते तेथेच राहतात. उकळल्याने जडपणाचा एक भाग निघतो, खारटपणा उलट वाढतो. गावोगावी हिरवे, पिवळे आणि लाल कार्ड वाटून पाण्याची प्रतवारी करण्याची पद्धत आहे. ते कार्ड प्रामुख्याने स्रोताभोवतीची स्वच्छता आणि जंतुबाधेचा धोका पाहून मिळते. तेव्हा हिरवे कार्ड भिंतीवर लावून खारे पाणी पिणे या राज्यात पूर्णपणे नियमानुसार आहे!

प्रकृतीचा प्रश्न जपून मांडला पाहिजे. जडपणा हाच रोगाचे मूळ, असे विज्ञान म्हणत नाही. बुलढाण्यातील संग्रामपूर, जळगाव जामोद आणि अकोल्याच्या लगतच्या भागांत मूत्रपिंडाच्या विकाराने घरेच्या घरे उद्ध्वस्त झाली. त्याचे खापर लोक पाण्यावर फोडतात आणि तज्ज्ञ अंतिम पुराव्याची वाट पाहतात. आंध्रातील उद्दानम येथे अनेक वर्षे अभ्यास होऊनही एकच एक कारण निश्चित झालेले नाही. आमचे म्हणणे एवढेच की, पुरावा गोळा होईपर्यंत ज्यांच्या शरीरावर प्रयोग चालू राहतो ते नेहमी खेड्यातले कष्टकरीच का असावेत? तज्ज्ञाच्या घरचा माठ कोणत्या पाण्याने भरतो?

आता मूळ मुद्दा. अन्य स्रोत खरोखरच नाही काय? सातपुड्यातून उतरणाऱ्या नद्यांवर वान, शहानूर, चंद्रभागा, सापन अशी धरणे उभी आहेत आणि त्यांतले पाणी गोडे आहे. एकट्या शहानूरची साठवण सुमारे ४६ दशलक्ष घनमीटर आहे. हिशेब कोणाही कार्यकर्त्याने मांडावा. अंजनगाव आणि दर्यापूर या दोन तालुक्यांची लोकसंख्या ऐसपैस धरून पाच लाख माना. केंद्र सरकारच्या जलजीवन मिशनने ठरविल्याप्रमाणे माणशी दररोज ५५ लिटर द्या. वर्षाला सुमारे १० दशलक्ष घनमीटर लागतात. गळती, बाष्पीभवन आणि शहरांची जास्तीची गरज धरून हा आकडा दुप्पट केला, तरीही भरलेल्या धरणाचा निम्म्याहून अधिक साठा सिंचनाला उरतो. जमिनीचा उतारही धरणाकडून पूर्णेकडेच आहे. स्रोत आहे, उतार आहे, शहानूरवर पाणीपुरवठ्याची योजनाही आहे. मग ५०० ऐवजी २००० ची सवलत कोणत्या न्यायाने घेतली जाते?

यावर ठरलेले उत्तर येते : योजना आहेच की! होय, आहे. परंतु प्रादेशिक योजनेच्या टोकाच्या गावांची तक्रार जुनी आहे. फुटलेल्या वाहिन्या, थकलेले वीजबिल, वरच्या गावात खेचले जाणारे पाणी; आणि शेवटच्या गावाला उरते ती कोरडी तोटी आणि जवळची खारी कूपनलिका. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या मिशनने २०२४ पर्यंत प्रत्येक ग्रामीण घरात नळ देण्याचे ठरविले होते. २०२५ च्या अर्थसंकल्पात ती मुदत २०२८ पर्यंत वाढविण्यात आली. मोजणी मुख्यतः जोडण्यांची होते. जोडणी दिली की घर ‘आच्छादित’ झाले. त्या तोटीतून काय आणि कितव्या दिवशी येते, हे कोणत्या मंत्र्याच्या जाहिरातीत छापलेले असते?

तोटी जेथे हरते तेथे जार जिंकतो. सार्वजनिक पुरवठा अविश्वसनीय ठेवायचा, आणि मग त्या अविश्वासावर बाजार उभा राहू द्यायचा, ही आजच्या अर्थव्यवस्थेची परिचित रीत. खारे पाणी उपसून यंत्रातून गाळायचे, गोडे तेवढे विकायचे आणि मागे उरलेले अधिक खारट पाणी गटारात सोडायचे. नफा विक्रेत्याचा, क्षार गावाच्या जमिनीचे. शेतमजुराचे कुटुंब पिण्यापुरता जार घेते; स्वयंपाकाला आणि जनावराला खारेच. एकाच घरात पाण्याचे दोन वर्ग पडतात. ज्या महाराष्ट्रात २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी सर्वांचे आहे हे ओंजळीने सिद्ध करावे लागले, तेथे आता जातीऐवजी खिसा पाहून ओंजळ भरली जाते. (आणि जात त्या खिशात लपलेली नसते, असेही नाही.)

याहून घातक गोष्ट म्हणजे तहानलेल्यांनाच एकमेकांविरुद्ध उभे करणे. वान धरणाच्या पाण्यावरून तेल्हारा-अकोटचे शेतकरी एका बाजूला आणि अकोला शहर व बाळापूरची गावे दुसऱ्या बाजूला, असा तंटा आपण पाहिला. शेतकऱ्याची भीती खोटी नाही. त्याच्या कालव्याचे पाणी कमी होते आणि बदल्यात काहीच मिळत नाही. पण खारपाणपट्ट्यातली तहानही खोटी नाही. आपल्या काही मित्रांनी यात एक बाजू निवडून भाषणे केली, ते आम्हाला मान्य नाही. आधी पिण्याचे पाणी, मग उरलेल्याचे न्याय्य वाटप, आणि कालव्यात व वाहिन्यांत वाया जाणाऱ्या पाण्याचा जाहीर हिशेब, हीच आपली भूमिका असू शकते. दांडेकर समितीने १९८४ मध्ये विभागवार अनुशेष मोजला, १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली आणि ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली. इतकी दशके अनुशेषाची भाषा बोलली गेली. पण पाण्यात विरघळलेल्या अनुशेषाचा रकाना निघाला नाही.

संत गाडगेबाबांचे जन्मगाव शेंडगाव अंजनगाव सुर्जी तालुक्यातच आहे. त्यांच्या नावाने स्वच्छतेचे पुरस्कार देणाऱ्या शासनाला हा तालुका पुरस्काराच्या यादीपलीकडेही दिसला पाहिजे.

कार्यकर्त्यांनी एक काम तातडीने हाती घ्यावे. येत्या ग्रामसभेत आपल्या गावाच्या प्रत्येक स्रोताचा रासायनिक तपासणी अहवाल मागावा; जंतू-तपासणीच्या कागदावर समाधान मानू नये. एकूण क्षार, जडपणा, क्लोराइड आणि नायट्रेट हे चार आकडे पंचायतीच्या फलकावर रंगाने लिहून घ्यावेत. नायट्रेटला ४५ पलीकडे प्रमाणकात कोणतीच सवलत नाही, हे ग्रामसेवकाला दाखवून द्यावे. क्षार ५०० च्या वर असतील तर धरणाचे पाणी नियमित मिळावे असा ठराव करून तो जिल्हाधिकारी आणि जीवन प्राधिकरण यांना पाठवावा, पोच घ्यावी. आणि उत्तर ‘अन्य स्रोत उपलब्ध नाही’ असे आले, तर जलसंपदा खाते धरणांच्या साठ्याचे जे आकडे प्रसिद्ध करते त्यांतून शहानूरचा त्या दिवसाचा साठा काढावा, त्याच पत्राच्या समासात लिहावा आणि ते पत्र परत पाठवावे.