ऐकावे ते नवलच : बियांचा पैसा



पैसे काय झाडाला लागतात, असे आपण म्हणतो. मेक्सिकोत अ‍ॅझ्टेक लोकांच्या राज्यात ते खरोखरच लागत! कोकोच्या बिया हेच तिथले सुटे चलन. बाजारात त्या मोजून माल घ्यायचा, आणि त्याच बिया वाटून, पाण्यात घुसळून फेसाळ पेय करायचे. श्रीमंत माणूस चक्क पैसे प्यायचा!

पैसा आला की खोटा पैसाही येतो. राजगिऱ्याचे पीठ, मेण किंवा अ‍ॅव्होकॅडोच्या कोयीचे तुकडे कोकोच्या टरफलात भरून लबाड व्यापारी ते खपवीत. साहागुन या स्पॅनिश धर्मगुरूने सोळाव्या शतकात हे लिहून ठेवले आहे.

चहाची कथा धाडसाची. 1848 साली रॉबर्ट फॉर्च्यून हा स्कॉटिश वनस्पतितज्ज्ञ ईस्ट इंडिया कंपनीसाठी चीनमध्ये गेला. परदेशी माणसाला आतल्या मुलखात बंदी; म्हणून याने डोके भादरले, वेणी लावली, चिनी झगा चढवला. काचेच्या पेट्यांतून रोपे व बिया हिंदुस्थानात धाडल्या, आणि जाणते चिनी कारागीरही आणले. नुसत्या रोपाने मळा होत नाही!

खोटे बी आजही विकले जाते. कोकोत फसला त्याचे चार पैसे बुडत. आपला मात्र हंगाम बुडतो. म्हणून पेरणीआधी सोयाबीनचे 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळा, ओल राखा, आठवड्याने मोजा. 70 हून कमी उगवले तर ते बी पेरू नका. पावती, पिशवी, लेबल आणि मूठभर बी सुगी होईपर्यंत जपा. तक्रारीची वेळ आली तर तोच तुमचा पुरावा.